चिन्हांचं मानपान: कंचेभागुबेवपासून हास्केलपर्यंत

नाशिकहून बोलतोय.

"६ ÷ २(१+२) = किती? भलेभले चुकतात!" हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. अर्धे लोक ९ म्हणतात, अर्धे १. मग कुणीतरी "शाळेत कंचेभागुबेव शिकला नाहीस का?" असं म्हणून दुसऱ्याची अक्कल काढतो.

पण कंचेभागुबेव हा निसर्गाचा नियम आहे का? नाही. लग्नात आधी कुणाला बोलवायचं, मग कुणाला, हे जसं माणसंच ठरवतात, तसंच हे चिन्हांचं मानपान. प्रोग्रॅमिंगमध्ये यालाच ऑपरेटर प्रिसिडन्स म्हणतात. आज बघू, या मानपानाशिवाय गणित कसं चालायचं.

नाशिकरोडहून भुसावळकडे जाणारी गाडी पकडा. मनमाड, नांदगाव गेलं की चाळीसगाव. तिथून जवळच डोंगराच्या कुशीत पाटणादेवी. इथल्या मंदिरात शके ११२८ चा, म्हणजे साधारण १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता (योगी चांगदेव वेगळे बरं का!). त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, हे त्या दगडावर कोरलंय. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख जगासमोर आणला.

त्या ग्रंथांपैकी 'लीलावती' ११५० सालची. त्यातलं एक कोडं माझ्या शब्दांत सांगतो. एक संख्या घ्या, तिला ३ ने गुणा. येईल त्यात त्याचाच पाऊण भाग मिळवा. ७ ने भागा. त्यातून त्याचाच तिसरा हिस्सा काढा. वर्ग करा, ५२ वजा करा, वर्गमूळ घ्या, ८ मिळवा, १० ने भागा. उत्तर २ आलं. तर मूळ संख्या कोणती?

भास्कराचार्य म्हणतात, उलटं चाला. २ गुणिले १० म्हणजे २०. त्यातून ८ गेले, १२. वर्ग १४४. त्यात ५२ मिळवले, १९६. वर्गमूळ १४. असं मागे मागे जात आपण २८ वर पोचतो. याला विलोमविधी म्हणतात.

इथे एकही कंस नाही. जे आधी बोललं, ते आधी करायचं. वाक्याचा क्रम हाच गणिताचा क्रम, त्यामुळे भांडणाला जागाच नाही.

पण मोठी समीकरणं अशी बोलत बसलो तर दिवस जाईल. म्हणून 'बीजगणित' या ग्रंथात छोट्या खुणा येतात. अज्ञात राशीसाठी 'या', म्हणजे यावत्तावत्. नुसत्या आकड्यासाठी 'रू', म्हणजे रूप. आपलं ५क्ष + ८ हे तिथे 'या ५ रू ८'. अधिकचं चिन्हच नाही! शेजारी शेजारी ठेवलं की बेरीज. आणि संख्या ऋण असेल तर तिच्या डोक्यावर टिंब.

युरोपात + आणि − ही चिन्हं छापील पुस्तकात आली १४८९ मध्ये, योहानेस विडमनच्या. बरोबरचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये आणलं. चिन्हं वाढली, लिहिणं आटोपशीर झालं, आणि आधी कोण हा प्रश्न उभा राहिला.

आता उडी मारू १९८७ मध्ये. अमेरिकेत पोर्टलंडच्या एका परिषदेत फंक्शनल प्रोग्रॅमिंगवाले जमले आणि सगळ्यांसाठी एकच भाषा करायचं ठरलं. तिचं नाव हास्केल, हास्केल करी या तर्कशास्त्रज्ञावरून. पहिला अहवाल १९९० चा. या भाषेत मानपान चक्क आकड्यांत लिहिलेलं असतं, ० ते ९. बेरीज-वजाबाकी ६ वर, गुणाकार-भागाकार ७ वर. एकाच पायरीवरचे हे सगळे डावीकडून उजवीकडे. स्वतःचं नवं चिन्ह बनवलं तर त्याची पायरीही तुम्हीच ठरवायची.

आणि या सगळ्यांच्या वर कोण? मोकळी जागा! फंक्शन आणि त्याच्या शेजारी संख्या, हे नातं सगळ्यात घट्ट. म्हणून 'वर्गमूळ ९ + १६' असं लिहिलं तर आधी ९ चं वर्गमूळ ३, मग अधिक १६, उत्तर १९. आधी बेरीज हवी तर कंस घाला, नाहीतर मध्ये $ टाका. $ ची पायरी ०, म्हणजे पंगतीत सगळ्यात शेवटी. 'वर्गमूळ $ ९ + १६' म्हणजे ५.

बघा हं, तीच शेजारची जागा. भास्कराचार्यांकडे ती बेरीज, शाळेत गुणाकार, हास्केलमध्ये फंक्शन लावणं. आपल्या फॉरवर्डमधलं भांडण नेमकं या जागेचंच आहे. हास्केलला ते कोडं दिलं तर ते ९ ही म्हणत नाही आणि १ ही नाही. २ ला फंक्शन समजतं आणि एरर देतं!

वजाचाही असाच घोळ. हास्केलमध्ये वजाबाकीला आणि ऋण संख्येला एकच चिन्ह. त्यामुळे −७ ची ३ ने बाकी काढताना कंस विसरलात तर उत्तर −१, कंस घातलात तर २. डोक्यावर टिंब असतं तर ही वेळ आली नसती.

आता शेवटची गंमत. कंचेभागुबेव मधला 'चे' आठवतो? २४ ÷ ८ चे १/२. 'चे' म्हणजे गुणाकारच, पण मान भागाकाराच्या आधी. म्हणून आधी ८ चे अर्धे ४, आणि उत्तर ६. तिथे × लिहिलं असतं तर दीड. मराठीतला एक साधा प्रत्यय, आणि त्याला स्वतःची पायरी!

म्हणून पुढच्या वेळी ग्रुपवर असं कोडं आलं तर कुणाची अक्कल काढण्याआधी एवढंच विचारा: "नियम कुठला धरायचा?" आणि स्वतः लिहिताना एक कंस जास्त घाला. त्याला पैसे पडत नाहीत.

भेटू पुढच्या भागात. तोवर २८ वाला ताळा करून बघा!