चाक धुणारा हात

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नाशिकमध्ये कुठल्याही गल्लीत जा, बादली आणि फडके घेतलेला माणूस दिसतोच. रिक्षा, टेम्पो, ट्रॅक्टर, मोटारसायकल, सगळ्यांची आंघोळ चाललेली असते. दुसऱ्या दिवशी झेंडूचा हार गाडीच्या तोंडाला चढतो, पण आदल्या दिवशीचा घाम गेलेला असतो तो चाकांवर. गाडीचा सगळ्यात मळणारा भाग तोच आणि धुवायला सगळ्यात त्रासाचाही तोच.

आजचा विषय एवढासाच आहे: चाक धुणे. त्यातही जुन्या, हौसेने सांभाळलेल्या स्पोर्ट्स कारचे चाक. हा पैसेवाल्यांचा छंद, आपला काय संबंध, असे कुणाला वाटेल. पण चाक धुण्याला मोठा इतिहास आहे आणि तो मालकांचा कमी, धुणाऱ्यांचा जास्त आहे.

सुरुवात बैलगाडीपासून करू. लाकडी चाकाचा मधला गड्डा म्हणजे तुंबा, त्यातून निघणारे आरे आणि बाहेरून घट्ट बसवलेली लोखंडी पट्टी म्हणजे धाव. लोहार ही धाव लालभडक तापवून चाकावर चढवी आणि वरून पाणी ओती. लोखंड आकसले की सगळे चाक आवळले जाई. पुढे उन्हाळ्यात लाकूड सुकले की आरे खिळखिळे होत आणि धाव सैल पडे. हे कळायचे कधी? चाक धुताना आणि आसाला वंगण घालताना. हात फिरवताना आरा हलला, की शेतकरी समजून जाई, आता लोहाराकडे जायला हवे. म्हणजे धुणे ही नुसती स्वच्छता नव्हती, ती तपासणी होती.

नाशिकला चाकांची वाण कधीच नव्हती. १८८९ मध्ये नाशिकरोड स्टेशनापासून गावापर्यंत घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. कामदा एकादशीला काळारामाचा रथ निघतो, तोही चाकांवरच. आणि चाकाला, दोराला हात कुणी लावायचा, हा प्रश्न या शहराने फार कडवटपणे अनुभवला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यात दलितांनाही सामील करून घेण्याची तडजोड ठरली होती. ती पाळली गेली नाही आणि सत्याग्रहींवर दगडफेक झाली. मळलेले चाक धुवायला कुणाच्याही हाताला बंदी नव्हती. बंदी होती ती मानाच्या दोराला हात लावायला.

आता मोटारीकडे येऊ. हवा भरलेल्या रबरी टायरचे पहिले पेटंट रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले, पण ते विस्मरणात गेले. १८८८ मध्ये बेलफास्टमधले गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तोच शोध नव्याने लावला. १८९५ च्या पॅरिस ते बोर्दो शर्यतीत मिशलँ बंधूंनी हवेचे टायर लावलेली मोटार उतरवली. गंमत अशी, की त्या काळचे टायर काळे नव्हते. रबराचा मूळ रंग पांढरट आणि त्यात मिसळत ते झिंक ऑक्साइडही पांढरे. मिशलँच्या जाहिरातीतला टायरांचा गुबगुबीत माणूस पांढरा आहे, तो याचमुळे. पुढे १९१० च्या दशकात रबरात काजळी मिसळायची पद्धत रुळली. काजळीने टायर कितीतरी पट टिकाऊ झाला आणि तेव्हापासून काळा. आज टायर काळाभोर दिसावा म्हणून आपण पॉलिश चोपडतो. ज्यांनी पहिल्या मोटारी धुतल्या, ते बिचारे टायर पांढरा दिसावा म्हणून घासत होते.

घासणारा मात्र मालक नव्हता. मोटार आली तेव्हा ती बाळगणे म्हणजे घोडागाडी बाळगण्यासारखेच होते. चालवायला ड्रायव्हर आणि धुवायला-पुसायला क्लीनर. रेल्वेच्या इंजिन शेडमध्येही हीच उतरंड होती. पोरगा इंजिन पुसणारा क्लीनर म्हणून लागे, मग कोळसा टाकणारा फायरमन होई आणि वर्षांनी ड्रायव्हर. पुसता पुसता त्याला इंजिनाचा नट न् नट पाठ होत असे. इंग्रजीतला हा शब्द आपल्या रस्त्यावर आला आणि कुठे क्लिनर, कुठे चक्क किन्नर झाला. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या कुठल्याही ढाब्यावर पाहा. ट्रक थांबला की क्लिनर उतरतो आणि लोखंडी पहार किंवा लाकडी दांडका घेऊन एकेक टायर ठोकत फिरतो. भरल्या टायरचा आवाज टणक, हवा उतरलेल्याचा भदभद. रेल्वेतही हातोडीने चाके ठोकून तडा ओळखणारी माणसे असत. कान हेच त्यांचे यंत्र.

स्पोर्ट्स कारच्या चाकाला हाच नियम लागू पडतो. एमजी, ट्रायम्फ, जग्वार या ब्रिटिश गाड्यांच्या चाकांना सायकलसारख्या तारा असत. हलके, दिसायला देखणे आणि धुवायला महाकठीण. एका चाकात साठ-सत्तर तारा. प्रत्येक तार जिथे रिमला भिडते तिथे छोटासा नट असतो आणि नेमके तिथेच पाणी, माती आणि गंज साचतो. या नटांच्या फटींतून हवा निसटते, म्हणून अशा चाकात ट्यूब लागतेच. ट्यूबला नट टोचू नयेत म्हणून मध्ये रबरी पट्टी घालावी लागते. नुसता बाहेरून पाण्याचा फवारा मारला, तर चाक चमकते आणि आत गंज वाढत राहतो. जाणकार माणूस चाक काढतो, मऊ ब्रशने आतून-बाहेरून एकेक तार धुतो, कोरडी करतो आणि चमच्यासारख्या एखाद्या वस्तूने तिच्यावर हलकेच टिचकी मारतो. ताणलेली तार किणकिणते. सैल किंवा तुटायला आलेली तार मुकी राहते. बैलगाडीचा आरा, ट्रकचा टायर आणि जग्वारची तार यांची तपासणी ही अशी एकाच घराण्यातली.

आपल्याकडे या गाड्या टिकल्या त्याही अशाच हातांमुळे. स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक बंधने आली. रस्त्यावर अ‍ॅम्बॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड. दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार म्हणजे क्वचित दिसणारी चीज, आणि तिचा सुटा भाग मिळणे त्याहून कठीण. मग तार सरळ करायची, रिम ठोकून गोल करायचा, टायर शेवटपर्यंत वापरायचा. त्या मिस्त्रींची आणि क्लिनरांची नावे कुठल्या ट्रॉफीवर कोरलेली नाहीत. रॅलीत गाडीशेजारी फोटो असतो तो मालकाचा.

टायरबद्दल एक गोष्ट मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावी, गाडी जुनी असो की नवी. चकाकणारा टायर म्हणजे चांगला टायर नव्हे. रबराला ऊन आणि हवेतला ओझोन खातो. त्यापासून राखण व्हावी म्हणून कारखान्यातच रबरात मेणासारखी द्रव्ये मिसळलेली असतात आणि ती हळूहळू पृष्ठभागावर येतात. टायरच्या कडेला तपकिरी झाक दिसते ती त्यांचीच. ती मळ समजून रॉकेल किंवा डिझेलने घासली, तर रबर फुगते, मऊ पडते आणि राखणही जाते. साधे साबणाचे पाणी पुरे. रस्त्याला टेकणाऱ्या भागाला तर कोणतेही पॉलिश लावू नये, गाडी घसरते. आणि पॉलिशच्या थराखाली बारीक तडे लपतात, हा सगळ्यात मोठा धोका.

जुन्या मोटारींच्या बाबतीत हा धोका वाढतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी नोंदणीचे वेगळे नियम केले. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे यांसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. म्हणजे ती बहुतेक काळ उभी. उभ्या गाडीचा टायर झिजत नाही, त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसते. पण रबर म्हातारे झालेले असते. म्हणून धुताना टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचावेत. २००० सालापासूनच्या टायरवर पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. दहा वर्षे उलटलेला टायर दिसायला कितीही देखणा असला, तरी तो घेऊन कसारा घाट उतरू नये.

आता चाकावरच्या काळ्या भुकटीबद्दल. पूर्वीच्या ड्रम ब्रेकमध्ये घासलेल्या लायनिंगची धूळ ड्रममध्येच कोंडून राही. १९५३ मध्ये ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जग्वार जिंकली आणि ही पद्धत पुढे सर्वत्र पसरली. तेव्हापासून ब्रेकची धूळ उघड्यावर आली आणि चाकाला चिकटू लागली. जुन्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू श्वासातून फुफ्फुसात गेले, तर आजार कित्येक दशकांनी उद्भवतो, कॅन्सरसुद्धा. गॅरेजात ब्रेक उघडायचा आणि कंप्रेसरच्या हवेने धूळ उडवून द्यायची, ही पद्धत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ती धूळ नाकातोंडात गेली कुणाच्या? शेजारी बसलेल्या पोऱ्याच्या. जुन्या गाडीचा ब्रेक कोरडा झटकू नये, त्यावर हवा मारू नये. ओल्या फडक्याने धूळ टिपावी, मास्क लावावा आणि ते फडके पिशवीत बंद करून टाकून द्यावे. हे मालकाने स्वतः पाळावे आणि आपल्याकडे काम करणाऱ्या मुलालाही पाळायला लावावे.

राहिले पाणी. टायर झिजतो त्याचे बारीक कण रस्त्यावरून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जातात. टायर टिकवण्यासाठी घातलेल्या एका रसायनापासून ओझोनमुळे तयार होणारा पदार्थ कोहो सॅमन माशांचा जीव घेतो, हे अमेरिकेतील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले. गोदावरीत सॅमन नाही, पण गोदावरी आहे. घाटावर गाडी नेऊन धुण्याची सवय म्हणूनच सोडायला हवी. घरी, बादलीभर पाण्यात, ते पाणी गटारात किंवा नदीत सरळ जाणार नाही अशा जागी चाक उत्तम धुता येते.

सातपूरला टायरचा कारखाना आहे, मोटारींचा कारखाना आहे. चाक बनवणाऱ्यांची आणि विकणाऱ्यांची नोंद कागदोपत्री राहते. धुणाऱ्याची राहत नाही. खरे तर गाडीचे कुठे काय दुखते, हे सगळ्यात आधी त्याला कळते, कारण तो चाकाजवळ वाकलेला असतो. येत्या खंडेनवमीला आपली गाडी कुणी दुसरा धूत असेल, तर हार घालण्याआधी त्याला एकच विचारा: चाकात काही दिसले का? तो जे सांगेल, ते ऐका.