स्वयंपाकाच्या गॅसला वास का येतो?

दूध उतू जाऊन शेगडी विझली की थोड्याच वेळात घरभर उग्र वास पसरतो. "गॅसचा वास येतोय, बघा जरा!" असं आपण लगेच म्हणतो. पण सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. तो मुद्दाम मिसळलेला असतो. कसा आणि कशासाठी, ते पाहू या.

मग हा वास कशाचा?

एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन या वायूंचं मिश्रण. दाब देऊन त्याचा द्रव करतात आणि तो सिलिंडरमध्ये भरतात. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये तो १४.२ किलो असतो. त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं गंधकयुक्त रसायन अगदी थोडं घालतात. आपल्या नाकाला या रसायनाचा वास फार लवकर कळतो, त्यामुळे हवेतला गॅस पेट घेण्याइतका होण्याच्या बऱ्याच आधी आपण सावध होतो.

ही पद्धत कशी रूढ झाली?

१८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, न्यू लंडन गावच्या शाळेत भीषण स्फोट झाला. इमारत गरम ठेवण्यासाठी वापरलेला नैसर्गिक वायू गळून जमिनीखालच्या पोकळीत साठला होता. वास नसल्यामुळे कुणालाच पत्ता लागला नाही. सुमारे ३०० जीव गेले, त्यात बहुतेक मुलं होती. त्यानंतर टेक्साससह अनेक ठिकाणी गॅसमध्ये वास मिसळणं सक्तीचं झालं.

गळलेला गॅस जातो कुठे?

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो खाली उतरतो आणि जमिनीलगत, ओट्याखाली, कोपऱ्यात साठतो. म्हणून नुसती वरची झडप उघडून भागत नाही, दारही उघडावं लागतं. पाइपने येणारा गॅस मात्र मुख्यतः मिथेन असतो. तो हलका असल्याने छताकडे जातो.

वास आला तर काय करायचं?

रमजानमध्ये सहेरीला उठलो की अंधारात हात आधी दिव्याच्या बटणाकडे जातो. वास येत असेल तर तिथेच थांबा. बटण चालू करतानाच नव्हे, बंद करतानाही ठिणगी उडते. पंखा लावू नका, काडी पेटवू नका. सगळी दारं-खिडक्या उघडा, शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा, घरच्यांना बाहेर काढा. फोन बाहेर गेल्यावरच करा. एलपीजी गळतीसाठी देशभर १९०६ हा क्रमांक आहे. तसंच, बराच वेळ त्याच वासात राहिलं की नाकाला तो जाणवेनासा होतो. वास 'गेला' म्हणजे धोका टळला, असं समजू नका.

आज घरी काय तपासाल?

रबरी नळी वाकवून बघा. भेगा दिसल्या तर लगेच बदला. जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर तिथे गळती आहे. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि वर्ष असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ही सिलिंडरच्या पुढच्या चाचणीची मुदत. ती उलटून गेलेली असेल तर सिलिंडर दारातूनच परत करा.

हे घरातल्या मुलांनाही समजावून सांगा. आपण घरी नसताना वास आधी त्यांनाच येणार आहे.