जोगेश्वरीच्या टेकडीवरचे आठ लाख

जोगेश्वरी म्हटले की बाहेरच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात : लेणी आणि १९९२-९३ च्या दंगली. पूर्वेच्या टेकडीवर उभे असलेले इस्माईल युसूफ कॉलेज फार थोड्यांना आठवते. आणि ज्यांना कॉलेज ठाऊक आहे, त्यांनाही हे इस्माईल युसूफ कोण, हे सांगता येत नाही. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. वर्गात हा प्रश्न विचारला की कुणी "शायर असतील" म्हणते, कुणी "मंत्री असतील."

ते शायर नव्हते, मंत्रीही नव्हते. हाजी इस्माईल युसूफ हे मुंबईच्या व्यापारी घराण्यातले. त्यांचे चिरंजीव सर मोहम्मद युसूफ यांचे नाव आगबोटींच्या धंद्याशी, बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन कंपनीशी जोडलेले आहे. कोकणातल्या आपल्या आजी-आजोबांना या आगबोटींची ओळख करून द्यायला नको. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले... रस्ते धड नव्हते तेव्हा मुंबईला यायचे ते बोटीनेच. पावसाळ्यात बोटी बंद, की मुंबईची वाटही बंद. त्या बोटींवर खलाशी, टंडेल, सारंग म्हणून राबणाऱ्यांत आपल्या कोकणी मुसलमानांची संख्या मोठी होती.

सर मोहम्मद युसूफ यांनी समुद्रातून जे कमावले, त्यातला वाटा समुद्रावर पोट असणाऱ्यांनाही दिला. मुंबई बंदरासमोरच्या न्हावा बेटावर त्यांनी गरीब मुलांना नाविकाचे शिक्षण देणारे केंद्र उभे केले. बोटीवरचे अधिकारी घडवणारे 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज १९२७ मध्ये सुरू झाले. न्हाव्याचे काम त्याच्याही आधीचे. आजही ते 'टी. एस. रहमान' या नावाने ओळखले जाते.

पण त्यांचे सर्वात मोठे दान १९१४ चे. मुसलमानांच्या उच्च शिक्षणासाठी त्यांनी आठ लाख रुपये सरकारच्या हवाली केले. आठ लाख म्हणजे किती? त्या काळी सोन्याची गिनी पंधरा रुपयांना होती. म्हणजे ५३ हजारांहून अधिक गिन्या, वजनाने सव्वाचारशे किलो. एका माणसाने एका कामासाठी दिलेले.

गरजही तेवढीच मोठी होती. मुंबईत विल्सन, एल्फिन्स्टन, सेंट झेवियर्स ही कॉलेजे होती, पण त्यांत मुसलमान मुले मोजकीच दिसत. बदरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम स्थापन करून शाळेची वाट मोकळी केली होती. पुढचे दार, कॉलेजचे, अजून उघडायचे होते.

ते उघडायला सोळा वर्षे लागली. मध्ये पहिले महायुद्ध होऊन गेले. अखेर १९३० मध्ये जोगेश्वरीत सरकारी कॉलेज सुरू झाले आणि त्याला दात्याचे नव्हे, दात्याच्या वडिलांचे नाव मिळाले. माणूस गेल्यावर त्याच्या मागे तीन गोष्टी चालू राहतात असे आपण मानतो : सदका-ए-जारिया, उपयोगी पडणारे इल्म आणि दुआ करणारी नेक औलाद. इथे तिन्ही एकाच इमारतीत आहेत.

या इमारतीने काय दिले? नजीब अशरफ नदवी यांच्यासारख्या विद्वानाने इथे उर्दू शिकवली. कादर खान इथले पदवीधर. आणि मराठी वाचकांनी लक्षात ठेवावे असे : पु. ल. देशपांडे शाळा संपवून याच कॉलेजात आले. मुसलमान व्यापाऱ्याच्या पैशातून उभ्या राहिलेल्या वर्गात मराठीचे लाडके पु. ल. बसले होते. "तुमचे या महाराष्ट्राला योगदान काय?" असे विचारणाऱ्याला आवाज न चढवता हे सांगावे.

आता थोडे कटू. पैसा सरकारच्या हाती दिला की वर्षे जातात तसा हेतू विसरला जातो. या कॉलेजच्या मोठ्या आवारातील जमिनीवर निरनिराळ्या योजनांची नजर गेली, वाद झाले, निवेदने दिली गेली. माझे म्हणणे एवढेच : कॉलेज सर्वांचे आहे आणि सर्वांचेच राहावे, पण आठ लाख ज्या मुलांसाठी दिले गेले, ती मुले आजही याच उपनगराच्या गल्ल्यांत आहेत आणि त्यांतली कितीतरी बारावीनंतर कारखान्यात किंवा रिक्षावर जातात. त्यांना टेकडी चढायला लावणे हे सरकारचे कर्तव्य आहेच, पण आपलेही आहे. जमिनीसाठी मोर्चा काढणे सोपे. मोहल्ल्यातल्या एका मुलीची फी भरून तिला पदवीपर्यंत नेणे अवघड.

सर मोहम्मद युसूफ यांचे साधे, विश्वासार्ह चरित्र मराठीत शाळकरी मुलाच्या हाती द्यावे, तर मला ते सापडत नाही. आपल्या दात्यांची नावे आपण पाट्यांवर ठेवली, पुस्तकांत नाही. जोगेश्वरीत राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने हे काम अंगावर घ्यावे. उर्दू कागदपत्रे वाचायला मी बसेन.