एकट्याची सायकल

माझ्या पिढीतल्या अनेकांनी लहानपणी एक दृश्य पाहिले असेल. गावाच्या मैदानात मधोमध रोवलेला बांबू, त्याला बांधलेला कर्णा, आणि त्याभोवती गोल फिरणारा एक सायकलवाला. सात सात दिवस तो खाली उतरत नसे. जेवण सायकलवर, आंघोळ सायकलवर, दाढीसुद्धा सायकलवर. संध्याकाळी गर्दी जमायची. कोणी त्याच्या शर्टाला नोट टाचायचे, कोणी हार घालायचे.

१९८६ च्या मे महिन्यात असा एकजण आमच्या गावी आला होता. रमजान चालू होता. सहेरी करून मी अब्बांबरोबर पहाटेच्या नमाजाला निघालो. मैदान वाटेतच होते. कर्णा बंद, माणूस एकही नाही. पण तो फिरत होता. डोळे मिटत आलेले, पाय मात्र चालू. अब्बांनी खिशातले दोन खजूर त्याच्या हातावर ठेवले. तो काही बोलला नाही. तोंडात टाकून पुढे गेला. पाहायला कोणी नसताना हा माणूस का फिरतो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे. पुढे माउंटन बाइकच्या शर्यतींचा इतिहास वाचताना तोच प्रश्न पुन्हा समोर आला.

ही गोष्ट जुनी आहे. १८७८ साली लंडनमध्ये इस्लिंग्टनच्या ॲग्रिकल्चरल हॉलमध्ये डेव्हिड स्टॅन्टन या सायकलपटूने सहा दिवसांत एक हजार मैल तोडण्याची पैज मारली आणि जिंकली. सहाच दिवस, कारण रविवार देवाचा. १८९१ पासून न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सहा दिवसांच्या शर्यती होऊ लागल्या. जो जास्त वेळ जागेल, तो जिंकेल, असा मामला होता. १८९६ च्या डिसेंबरात तिथे अठरा वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा उतरला. मेजर टेलर त्याचे नाव. पुढे तो जगज्जेता झाला. त्या शर्यतीत त्याने १,७०० हून अधिक मैल तोडले, पण अखेरीस त्याला भास होऊ लागले. कोणी सुरा घेऊन आपल्या मागे लागला आहे असे त्याला वाटू लागले. शेवटी लोकांनाही हे पाहवेना. १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये कायदा झाला की कोणत्याही स्पर्धकाने दिवसाला बारा तासांहून अधिक सायकल चालवू नये. आयोजकांनी १८९९ साली दोघादोघांच्या जोड्या केल्या. एकाने चालवायचे, दुसऱ्याने झोपायचे. एकट्याची शर्यत तिथे संपली. कायदा शहाणा होता, असेच मी म्हणेन.

माउंटन बाइक मात्र फार उशिरा आली. कॅलिफोर्नियात मरिन भागातल्या डोंगरावर काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली उतारावरून सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांची पहिली रीतसर शर्यत झाली. तिचे नाव रीपॅक, कारण एका उतारात ब्रेक इतके तापत की हबमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. पुढे वीस वर्षांत, १९९६ साली, ही सायकल ऑलिंपिकमध्ये पोहोचली.

त्याच साली आपल्या गोष्टीतला मुख्य प्रसंग घडला. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात कनेन व्हॅली हा डोंगराळ भाग आहे. झाडांची मुळे, निसरडे खडक आणि चिखल. तिथे लेर्ड नाइट यांनी १९९२ साली चोवीस तासांची शर्यत सुरू केली होती. ठरलेल्या वाटेच्या फेऱ्या मारायच्या. चोवीस तासांत ज्यांच्या फेऱ्या जास्त, ते विजयी. पण ही शर्यत संघांची होती. एकजण सायकलवर, बाकीचे तंबूत. जॉन स्टॅमस्टॅड यांना ती एकट्याने करायची होती आणि अर्जात तशी सोयच नव्हती. तेव्हा त्यांनी स्वतःचेच नाव चार वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहून चौघांचा संघ नोंदवला. कागदावर चार माणसे, सायकलवर एक. चोवीस तास ते एकटेच फिरले. त्यानंतर अशा शर्यतींत एकट्यांसाठी स्वतंत्र गट सुरू झाले. अमेरिकेच्या रेबेका रश यांनी २००७ ते २००९ अशी सलग तीन वर्षे त्यात महिलांचे जगज्जेतेपद मिळवले.

या शर्यतीत दिवस तसा निभतो. खरी कसोटी पहाटेची. शरीराचे तापमान तेव्हा सर्वांत कमी असते आणि झोपेचा जोर सर्वांत जास्त. हेल्मेटवरच्या दिव्याच्या उजेडात चार हात वाट दिसते. बोटे बधिर होतात, पोट अन्न घेत नाही. संघातल्या माणसाला ठाऊक असते की ही फेरी संपली की कोणीतरी माझी जागा घेईल. एकट्याला मात्र पुढची फेरीही स्वतःच मारायची असते.

स्टॅमस्टॅड एवढ्यावर थांबले नाहीत. १९९९ साली त्यांनी रॉकी पर्वताच्या कण्यावरून कॅनडाच्या सीमेपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत सुमारे ४,००० किलोमीटर अंतर १८ दिवस ५ तासांत एकट्याने पार केले. सोबत मदतीची गाडी नाही. त्याच वाटेवर २००८ पासून ‘टूर डिव्हाइड’ होते. तिला प्रवेश फी नाही आणि बक्षीसही नाही.

आपल्याकडचीही माणसे या वाटेला गेली आहेत. ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही डांबरी रस्त्यावरची, सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत. नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी २०१५ साली ती जोडीने पूर्ण केली. २०१७ साली लष्करातले डॉ. श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ या दोघांनी ती एकेकट्याने, बारा दिवसांच्या आत पुरी केली.

मग १८९८ चा कायदा चुकला का? मला तसे वाटत नाही. प्रश्न एकटेपणाचा नाही, उतरण्याच्या मुभेचा आहे. न्यूयॉर्कच्या त्या सायकलपटूंना तिकीट काढून आलेली गर्दी आणि बक्षिसाची रक्कम उतरू देत नव्हती. स्टॅमस्टॅड हवे तेव्हा उतरू शकत होते, आणि उतरले नाहीत. आमच्या मैदानातला माणूस मात्र मधल्या दिवशी उतरला असता, तर शर्टावरच्या नोटाही गेल्या असत्या. त्याच्या आणि स्टॅमस्टॅड यांच्या सहनशक्तीत काही फरक असेल असे मला वाटत नाही. फरक एवढाच, की एकाचे नाव इतिहासात चार तऱ्हांनी नोंदले गेले, आणि दुसऱ्याचे आम्ही विचारलेसुद्धा नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)