‘रोहना’चे खलाशी

‘रोहना’ हे ब्रिटिश इंडिया कंपनीचे, १९२६ साली बांधलेले जहाज. मद्रास-सिंगापूर वाटेवर ते उतारू नेई. १९४० मध्ये ते सैन्य वाहून नेण्यासाठी ताब्यात घेण्यात आले.

२६ नोव्हेंबर १९४३ रोजी, अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ, जर्मन विमानातून सोडलेला व रेडिओने वळवता येणारा बॉम्ब त्यावर आदळला. १,०१५ अमेरिकन सैनिक मेले. युद्ध चालू होते; बातमी दाबून ठेवली गेली.

पुढे वाचलेल्या काही सैनिकांनी हिंदी खलाशांवर ठपका ठेवला, की ते आधी होड्यांत शिरले. पण कित्येक होड्या स्फोटात फुटल्या होत्या, काही गंजून जागीच अडकल्या होत्या. आणि शंभराहून अधिक खलाशी स्वतः प्राणाला मुकले. त्यांची साक्ष कोण काढणार?

त्या काळी मुंबईत बोटीची नोकरी धरणाऱ्यांत कोकणातले मुसलमान पुष्कळ असत. दुसऱ्या महायुद्धात मेलेल्या सुमारे ६,००० हिंदी व्यापारी खलाशांची स्मारक-नोंद मुंबई आणि चितगाव येथे झाली. तीत नावे आहेत, हकिकती नाहीत. तुमच्या घरी कोणी बोटीवर होते काय? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. नाहीतर उरेल तो फक्त ठपका.