ग्रंथसूची, घाट आणि घोटी

संत मत्तयच्या शुभवर्तमानाचा आरंभ एका यादीने होतो. मिस्साविधीत ती वंशावळ वाचली जाऊ लागली की आपले लक्ष किंचित ढळते. नावांमागून नावे येत राहतात. परंतु त्याच यादीत तामार, राहाब आणि रूथ यांचीही नावे आहेत, आणि ती गाळली असती तर त्या वंशाची कथा निराळीच झाली असती. यादी करणारा कोणाला आत घेतो आणि कोणाला बाहेर ठेवतो, यावर पुढील पिढ्यांची स्मृती अवलंबून असते. ग्रंथसूचीलाही हाच न्याय लागू आहे.

माणसाने यंत्रे, रस्ते, धरणे, छापखाने आणि शेतीची अवजारे कशी घडविली, याविषयी जे जे लिहिले गेले त्याची विषयवार नोंद म्हणजे तंत्रविद्येच्या इतिहासाची ग्रंथसूची. अमेरिकेत यूजीन फर्ग्युसन यांनी १९६८ साली अशी सूची ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. आपल्याकडेही या वाटेचे प्रवासी होऊन गेले. नाशिकचे अभियंते रावसाहेब कृष्णाजी विनायक वझे (१८६९–१९२९) यांनी प्राचीन शिल्पशास्त्रावरील संस्कृत ग्रंथांचा चिकाटीने शोध घेतला. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची सूची १९४३ साली आणि पुढील १९५० पर्यंतची १९६१ साली प्रसिद्ध केली. कोणत्या कलाकौशल्यावर मराठीत कोणी, केव्हा लिहिले, हे शोधणारा अभ्यासक आजही प्रथम दात्यांच्या दारी जातो.

अशा नोंदींचे मोल आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातच उत्तम दिसते. सप्टेंबर १५५६ मध्ये येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर एक छापखाना गोव्यास उतरला. तो खरे तर अबिसिनियाला जावयाचा होता, परंतु गोव्यातच राहिला आणि भारतातील मुद्रणाचा प्रारंभ झाला. संत फ्रान्सिस झेवियर यांची प्रश्नोत्तरी १५५७ साली तेथे छापली गेली. तिची एकही प्रत आज ज्ञात नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६, १६४९ आणि १६५४ असे तीनदा छापले गेले. त्या छापील प्रतीही काळाच्या उदरात गेल्या, आणि जोसेफ साल्ढाणा यांना १९०७ साली मंगळूर येथे ते हस्तलिखितांच्या आधारे पुन्हा प्रसिद्ध करावे लागले. प्रती नाहीशा झाल्या, तरी पत्रांतून आणि दप्तरांतून त्यांच्या नोंदी उरल्या. अशाच विखुरलेल्या साधनांचा धांडोळा घेऊन अ. का. प्रियोळकर यांनी १९५८ साली भारतातील मुद्रणाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. ग्रंथ गेला तरी नोंद राहते, आणि नोंद राहिली म्हणजे सर्वस्व गेले असे होत नाही.

ही दृष्टी घेऊन आपण नाशिक जिल्ह्यातील घोटीकडे पाहू. इगतपुरी तालुक्यातील हे बाजाराचे गाव. येथील तंत्रविद्येच्या इतिहासाची सूची करावयास बसलो तर कागद अपुरे पडतील. जवळच्या थळ घाटातून १ जानेवारी १८६५ रोजी लोहमार्ग खुला झाला. त्याचा चढ सदतीस फुटांस एक फूट असा आहे. अजूनही अनेक गाड्यांना कसाऱ्यास मागून जादा इंजिने लावावी लागतात. त्या मार्गाचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी १८६० साली लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे या कामावर निबंध सादर केला. १८८३ साली नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले. १९१६ साली दारणा धरण पूर्ण झाले, १९२६ साली भंडारदऱ्याचे. १९३० साली घाटात विजेवर गाड्या धावू लागल्या. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासूनचा अखेरचा टप्पा खुला झाला आणि त्याबरोबर सुमारे आठ किलोमीटर लांबीचा बोगदाही.

या प्रत्येक कामावर अहवाल आहेत, नकाशे आहेत. परंतु त्यांचे लेखक पाहिले तर अभियंते आणि अधिकारी यांचीच नावे आढळतात. थळचा जुळा असलेल्या बोरघाटात १८६१ च्या आरंभी बेचाळीस हजारांवर मजूर राबत होते. तेथील ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली मरण पावले आणि पत्नी ॲलिस यांनी ठेका पुढे चालविला, हे इतिहासाला ठाऊक आहे. पटकीने त्याच घाटात मेलेल्या मजुरांची नावे मात्र कोणत्या सूचीत शोधावीत? ग्रंथ लिहिणाऱ्यांचीच नोंद होत राहिली, तर डोंगर फोडणारे हात इतिहासातून वगळले जातील. हा दोष सूचीकाराचा नसला, तरी त्याची जाणीव त्याला असली पाहिजे.

ही उणीव भरून काढता येते. घोटीचा तांदूळ प्रसिद्ध आहे. भातगिरण्या येण्यापूर्वी भात उखळात कांडला जाई आणि धान्य जात्यावर दळले जाई. हीही तंत्रविद्याच, आणि ती स्त्रियांच्या हाती होती. तिच्यावर कोणी अहवाल लिहिला नाही, पण जात्यावरच्या ओव्या होत्या. फ्रान्सहून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आणि त्यांचे विषयवार वर्गीकरण केले. ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि तिचे गाव यांचीही नोंद ठेवली. जिने कधी पुस्तक लिहिले नाही, तीही अशा सूचीत मानाने बसली.

आपल्या धर्मग्रामांकडेही असे धन आहे. इगतपुरीसारख्या रेल्वेच्या गावी ड्रायव्हर, गार्ड, फिटर म्हणून ख्रिस्ती कुटुंबे येऊन राहिली. त्यांचे बाप्तिस्मे, विवाह आणि मृत्यू चर्चच्या नोंदवह्यांत लिहिले गेले. जेथे धंद्याचा किंवा मूळ गावाचा उल्लेख असेल, तेथे ती वही तंत्रविद्येच्या इतिहासाचे साधन ठरते. घरोघरी आजोबांचे सेवापुस्तक असेल, एखाद्या यंत्राचे माहितीपत्रक असेल, कारखान्यातील गटाचे छायाचित्र असेल. इगतपुरीचा पाऊस आणि वाळवी या दोघांना त्यांची किंमत ठाऊक नाही.

त्यासाठी विद्यापीठाची पदवी लागत नाही. एका वस्तूस एक कार्ड पुरे: काय आहे, कोणाचे आहे, कोणत्या सालचे आहे, आज कोठे ठेवले आहे. छायाचित्रातील माणसांची नावे मागील बाजूस हलक्या हाताने पेन्सिलीने लिहावीत, आणि ती ओळखणारी वडीलधारी मंडळी आपल्यात आहेत तोवरच लिहावीत. चर्चच्या वह्यांसाठी धर्मगुरूंची अनुमती घ्यावी, वही तेथेच ठेवावी आणि नोंद तेवढी उतरवून आणावी. प्रत्येक धर्मग्रामाने अशी शंभर कार्डे जमविली, तरी पुढचा अभ्यासक घाटाचा इतिहास लिहिताना बर्कलीसाहेबांच्या शेजारी एखाद्या फिटरचे नावही लिहू शकेल.