पालकावाचून श्रवण : महाराष्ट्रातील जाहीर जलसे आणि किशोरवयीन श्रोता

संगीताच्या इतिहासलेखनात गायकांच्या परंपरा, घराण्यांची वैशिष्ट्ये आणि रागांची चर्चा यांना जेवढे स्थान मिळाले आहे, तेवढे श्रोत्याला मिळालेले नाही. त्यातही अल्पवयीन श्रोता तर जवळजवळ दुर्लक्षितच राहिला आहे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाने अथवा मुलीने वडीलधाऱ्या माणसावाचून गाणे ऐकावयास जावे किंवा नाही, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती शिस्तीचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी गेल्यास असे दिसून येते की, त्यात विवाहाचे वय, शिक्षणाचा प्रसार, गाणाऱ्यांची सामाजिक प्रतिष्ठा आणि गाण्याचे स्थळ या चारही गोष्टी गुंतलेल्या आहेत. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य एवढेच आहे की, महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांनी ही मोकळीक दिली, ती मुलांवरील विश्वास वाढला म्हणून नव्हे. गाण्याची जागा बदलली आणि त्या नव्या जागेने पालकाचे काम आपल्याकडे घेतले, म्हणून ती देता आली.

१. प्रश्नाचा जन्म

हा प्रश्न उद्भवण्यासाठी प्रथम ‘किशोरवय’ ही स्वतंत्र अवस्था समाजात असावी लागते. एकोणिसाव्या शतकातील उच्चवर्णीय घरात चौदा वर्षांची मुलगी बहुधा विवाहित असे. तिने कोठे जावे हे सासर ठरवी. १८७५ च्या कायद्याने सज्ञानतेचे सर्वसाधारण वय १८ वर्षे ठरविले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा १२ वर्षांची घातली. तीही केवढ्या वादळानंतर, हे सर्वश्रुत आहे. १९२९ च्या शारदा कायद्याने विवाहासाठी मुलीचे वय १४ व मुलाचे १८ असे निश्चित केले. दरम्यान १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल सुरू झाले होते, तेच पुढे ‘हुजूरपागा’ या नावाने प्रसिद्धीस आले. अविवाहित, मिळवते नसलेले, परंतु लिहिते-वाचते आणि स्वतःची आवड असलेले असे एक वय या सर्व घडामोडींतून हळूहळू आकारास आले. ‘मुलाला एकट्याने जाऊ द्यावे काय?’ हा प्रश्न या वयाचाच आहे. तत्पूर्वी तो विचारण्याचे कारणच नव्हते.

२. जुन्या जागा

त्या काळी गाणे ऐकण्याच्या जागा मोजक्याच होत्या. देवळातील कीर्तन व भजन ही पहिली. तेथे मुले सर्रास जात, कारण तेथे सारे गावच पालक असे. कोणाचा मुलगा कोठे बसला आहे, हे दहा जणांना ठाऊक असे. दुसरी जागा संस्थानिकांच्या वा सरदारांच्या घरची खासगी मैफल. तेथे निमंत्रणावाचून प्रवेश नसे. तिसरी जागा नायकिणींची बैठक आणि तमाशाचा फड. गायनकलेचा मोठा भाग बैठकीतच जतन झाला होता. पण ‘चांगल्या घरच्या’ मुलाने तिकडे फिरकणे हा अपराध समजला जाई आणि मुलीच्या बाबतीत तर तो विचारही संभवत नसे.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि या व्यवस्थेला पहिला तडा गेला. संगीत नाटकामुळे रागदारीचे संस्कार असलेले गाणे तिकीट काढून कोणालाही ऐकता येऊ लागले. परंतु नाटके रात्री उशिरापर्यंत चालत आणि नटांविषयी समाजाचे मत फारसे अनुकूल नव्हते. त्यामुळे शाळकरी मुलाचा नाट्यवेड हा घराघरांतील कलहाचा विषय झाला. येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. मुलाने प्रेक्षकांत एकट्याने बसणे आक्षेपार्ह. मात्र नाटक मंडळ्या कोवळ्या वयाची मुले राजरोस रंगमंचावर आणीत. नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत गेले, तेव्हा त्यांचे वय सतरा वर्षांचे होते. अनेक बालनटांच्या नावामागे लागलेले ‘मास्टर’ हे उपपद त्या प्रथेची साक्ष देते. ही विसंगती वरवरचीच आहे. मंडळीतील मुलावर मालकाचा व तालीममास्तराचा जागता पहारा असे. प्रेक्षकांतील मुलावर कोणाचाच नसे. आक्षेप गाण्याला तितकासा नव्हता. देखरेखीच्या अभावाला होता.

३. संस्था पालक होते

ही उणीव भरून काढली ती गायनसंस्थांनी. १८७४ मध्ये पुण्यात गायन समाज स्थापन झाला. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय काढले व १९०८ मध्ये मुंबईस त्याची शाखा सुरू केली. १९११ मध्ये भास्करबुवा बखल्यांनी पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. १९१६ मध्ये भातखंड्यांच्या प्रेरणेने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. १९२५ मध्ये प्रा. बी. आर. देवधरांनी मुंबईत संगीतविद्यालय उघडले. या घटना सामान्यतः संगीतशिक्षणाच्या इतिहासात सांगितल्या जातात. श्रोत्याच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व निराळे आहे.

या संस्थांच्या जलशास निश्चित वेळ असे, ठरावीक तिकीट असे आणि चालकांची नावे सर्वांस ठाऊक असत. विष्णु दिगंबरांचा वक्तशीरपणावर व श्रोत्यांच्या शिस्तीवर कटाक्ष असे. त्यांची वेळेवर आरंभ होणारी, प्रार्थनेचे वळण असलेली मैफल ही बैठकीच्या सर्वस्वी विरुद्ध टोकाची होती. ‘मुलगा गाण्याला गेला आहे’ या वाक्यातील संशय अशा रीतीने नाहीसा झाला. कारण आता तो ‘समाजात’ किंवा ‘विद्यालयात’ गेलेला असे. बापाने मुलाचा हात सोडला, तो संस्थेच्या हाती देऊनच. पुढे हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका तिकीट लावून जाहीर मैफली करू लागल्या, तेव्हा मुलींनाही श्रोतृवर्गात मानाने बसण्याचा मार्ग खुला झाला.

४. तीन मुलांची उदाहरणे

१९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये महात्मा गांधींसमोर स्वागतगीत गाणाऱ्यांत गंगूबाई हनगल होत्या. त्या वेळी त्या अकरा वर्षांच्या होत्या. १९३६ मध्ये मुंबईच्या संगीत परिषदेत बारा वर्षांच्या कुमार गंधर्वांनी जाणत्या श्रोत्यांना थक्क केले आणि नंतर ते देवधरांकडे शिकावयास राहिले. पहिल्या उदाहरणात राष्ट्रीय सभेची आणि दुसऱ्यात परिषदेची व विद्यालयाची छत्रच्छाया होती.

तिसरे उदाहरण यांहून बोलके आहे. गदगच्या भीमसेन जोशींना लहानपणी भजनी मेळा किंवा वाजंत्री दिसली की तिच्यामागून जाण्याचा नाद होता. चालता चालता दमून ते कोठेतरी झोपी जात आणि घरची माणसे त्यांना शोधीत फिरत. शेवटी शिक्षक असलेल्या वडिलांनी त्यांच्या सदऱ्यावर ‘जोशी मास्तरांचा मुलगा’ असे लिहून ठेवले, म्हणजे सापडेल तो मुलास घरी पोचवील, अशी आठवण सांगितली जाते. वडिलांनी बंदी घातली नाही आणि मोकळीकही दिली नाही. सदऱ्यावरील त्या अक्षरांनाच त्यांनी पालक नेमले. परंतु गदगसारख्या गावी मुलाच्या ओढीला पुरेल असे गाणे नव्हते. अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकून बेचैन झालेला हा मुलगा १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधार्थ घर सोडून गेला आणि उत्तर हिंदुस्थानात भटकला. वडिलांनी त्याला जालंदरहून परत आणले व १९३६ मध्ये तो सवाई गंधर्वांकडे राहिला. मुलाला जाण्यासारखी निर्धोक जागा नसेल, तर त्याच्यापुढे घरी बसणे आणि पळून जाणे असे दोनच पर्याय उरतात. हे या प्रसंगाचे ऐतिहासिक तात्पर्य होय.

याच भीमसेनांनी गुरूच्या निधनानंतर, १९५३ पासून, पुण्यात सवाई गंधर्वांच्या पुण्यतिथीचा संगीतोत्सव सुरू केला. हा उत्सव दीर्घकाळ शाळांच्या पटांगणांवर भरत असे, या गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. ज्या आवारात दिवसा मुले धडे गिरवीत, तेथेच रात्री भारतीय बैठकीवर सतरंजी पसरून विद्यार्थ्यांचे घोळके पहाटेपर्यंत गाणे ऐकत. रात्र तीच, पण जागा शाळेची. म्हणून जागरणाला पालकांची संमती मिळे. जो मुलगा गाण्यासाठी घरातून निघून गेला, त्यानेच इतरांच्या मुलांना पळून न जाता रात्रभर गाणे ऐकण्याची सोय करून दिली, असे म्हणावयास हरकत नाही.

५. या मोकळिकीचे मूल्य

मात्र या परिवर्तनाचे मूल्य कोणी चुकविले, हे नमूद केल्यावाचून विवेचन पूर्ण होणार नाही. जलशाची जागा ‘सोज्ज्वळ’ ठरली, ती बैठकीशी असलेले नाते तोडून. ज्या कलावंतिणींच्या घराण्यांनी ठुमरी-दादऱ्यासारखे प्रकार व ख्यालातील कित्येक चिजा सांभाळल्या, त्यांनाच या नव्या जागेत आपली योग्यता सिद्ध करावी लागली. स्वातंत्र्याच्या सुमारास, ज्यांचे खासगी जीवन लोकापवादास पात्र समजले जाई अशा गायिकांना नभोवाणीपासून दूर ठेवण्याचे धोरण अवलंबिले गेले. एका घरच्या मुलीला श्रोत्यांत बसता यावे, म्हणून दुसऱ्या घरच्या मुलीला व्यासपीठाच्या पायरीवर आपल्या कुळाचा हिशेब द्यावा लागला. गंगूबाईंसारख्या गायिकांनी हा अवमान आपल्या गाण्याने जिंकला. पण सर्वांनाच ते शक्य झाले नाही. श्रवणस्वातंत्र्याचा इतिहास लिहिताना ही बाजू झाकून ठेवणे न्याय्य ठरणार नाही.

६. उपसंहार

यानंतरच्या काळात पालकत्वाचे रूप आणखी बदलले. १९७७ मध्ये दिल्लीत किरण सेठ यांनी स्थापन केलेल्या ‘स्पिक मॅके’ या संस्थेने मैफलच शाळा-महाविद्यालयांत नेली. श्रोत्याने मैफलीकडे जाण्याचा प्रश्नच तिने उलटा फिरविला. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध घातला. क्वचित काही दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत ठेवली. त्यामुळे उघड्यावरील रात्रभराच्या मैफली जवळजवळ संपुष्टात आल्या. मुलाने रात्री किती वाजता परतावे हे पूर्वी बाप ठरवी, मग संस्था ठरवू लागली आणि आता ते शासन ठरविते. पाश्चात्त्य धर्तीच्या मोठ्या मैफलींच्या तिकिटांवर आज वयाची मर्यादा व सोबत पालक असण्याची अट छापलेली आढळते. तेथे हजारोंच्या गर्दीत कोणी कोणास ओळखत नाही. म्हणून संस्थेने घेतलेली जबाबदारी ती पुन्हा बापाच्या हाती देते.

या सर्व विवेचनावरून असा निष्कर्ष निघतो की, मुलाला एकट्याने गाण्यास जाऊ द्यावे काय, याचे उत्तर त्याच्या वयात शोधून सापडत नाही. जेथे तो जावयाचा, तेथे त्याला ओळखणारे, सांभाळणारे व त्याच्याकडून शिस्तीची अपेक्षा करणारे कोणी आहे काय, यावर ते अवलंबून राहिले आहे. गेल्या दीडशे वर्षांत महाराष्ट्राने अशा जागा निर्माण केल्या, तेव्हाच घरांची दारे उघडली. त्या जागा ओसरल्या, तर मुलांना दोष देऊन किंवा पालकांना धीर देऊन ती उघडी राहतील, असे हा इतिहास सांगत नाही.